सिबिल ५४१, एक सेटलमेंट, एक राइट ऑफ, आणि तरी घराचं कर्ज हवंय: माझं सविस्तर उत्तर

दादा, तुमचा प्रश्न नीट दोनदा वाचला. बाकीच्यांना समजावं म्हणून थोडक्यात परत मांडते. नाशिकच्या अंबडला जॉबवर्कचं छोटं वर्कशॉप होतं, २०२१ मध्ये ऑर्डरी थांबल्या आणि ते बंद करावं लागलं. एक क्रेडिट कार्ड २०२२ मध्ये सेटल केलं, १,१०,००० चे ४५,००० भरून. एक पर्सनल लोन राइट ऑफ होऊन (म्हणजे बँकेने बुडीत धरून) एआरसीकडे, म्हणजे बुडीत कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीकडे गेलंय, १,२०,००० भरून मिटवा अशी त्यांची आता ऑफर आलीये. एका अ‍ॅपचे ४,८०० कर्जाचे राहिलेत. बाइकचं लोन चालू आहे पण दोन हप्ते मागे. आता सातपूरला नोकरी लागलीये, हातात ३८,००० येतात, स्कोअर ५४१, दोन-तीन वर्षांत पाथर्डी फाट्याकडे वन बीएचके घ्यायचाय. एक कन्सल्टंट १८,००० मागतोय आणि तीन महिन्यांत ७५० करून देतो म्हणतोय. आणि तुम्ही विचारताय की स्कोअर लवकर कसा वाढवू.

मी बरीच वर्षं बँकेच्या कर्ज विभागात काढली, आता कॅनडा कॉर्नरजवळ बसून लोकांचे हेच पेपर बघते. म्हणून आधी एक सांगते, तुमचा खरा प्रश्न स्कोअर नाहीये. तुमच्या रिपोर्टमध्ये चार खाती वेगवेगळ्या अवस्थेत पडलीयेत आणि त्यातलं एक अजून दर महिन्याला नुकसान करतंय. चारही खात्यांवर एकच औषध चालत नाही, आणि चुकीच्या क्रमाने पैसे भरले तर पैसे जातात आणि रिपोर्ट तिथेच राहतो. हे मी फार वेळा पाहिलंय, माणसाने पोटाला चिमटा काढून लाखभर जमवले, सगळ्यात मोठ्या जुन्या खात्यावर टाकले, आणि चालू हप्ता त्याच महिन्यात बाउन्स झाला.

त्या कन्सल्टंटला एक रुपया देऊ नका. बरोबर असलेली नोंद कुणीही पैसे घेऊन पुसू शकत नाही, सिबिल स्वतःसुद्धा नाही, नोंद बदलायची तर ती कर्ज देणाऱ्या बँकेने किंवा फायनान्स कंपनीने कळवावी लागते. चुकीची नोंद असेल तर तक्रार तुम्ही स्वतः फुकट करू शकता. हे लोक काय करतात तर प्रत्येक नोंदीवर सरसकट तक्रारी टाकतात, बँक उत्तर देते की नोंद बरोबर आहे, विषय संपला. तुमचे १८,००० म्हणजे बाइकची सगळी थकबाकी आणि वर अ‍ॅपचं कर्ज फिटतंय, हे डोळ्यासमोर ठेवा.

आता बँकेत बसलेला माणूस तुमचा रिपोर्ट कसा वाचतो ते सांगते, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि तो फक्त दारावरची चाळणी आहे. त्यानंतर बँकेतला माणूस खात्यांचं पान उघडतो. प्रत्येक खात्याखाली महिन्यांचे छोटे चौकोन असतात, ३६ महिन्यांपर्यंतचे, आणि प्रत्येक चौकोनात त्या महिन्यात तुम्ही किती दिवस उशिरात होतात तो आकडा असतो. ००० किंवा एसटीडी (स्टँडर्ड) असेल तर ठीक, ०३०, ०६० असं दिसलं की तिथे नजर थांबते. आम्ही आधी शेवटचे १२ महिने बघायचो, मग कुठल्या खात्यावर थकीत रक्कम अजून शून्य झालेली नाही ते, मग सेटल्ड, रिटन ऑफ, सूट फाइल्ड (कोर्टात दावा) असे शब्द, आणि शेवटी अलीकडे किती ठिकाणी कर्जासाठी अर्ज केलेत ते. चार वर्षांपूर्वी धंदा बुडाला हे समजून घेणारा मॅनेजर भेटतो. पण मागच्याच महिन्यात बाइकचा हप्ता चुकलाय हे समजून घेणारा भेटत नाही.

म्हणून सुरुवात बाइकपासून. तुम्ही लिहिलंय की "मी तर दर महिन्याला हप्ता भरतोय तरी स्कोअर हलत नाही", आणि इथेच सगळी गंमत अडकलीये. दोन हप्ते मागे राहून तुम्ही दर महिन्याला एक हप्ता भरताय, तो पैसा सगळ्यात जुन्या थकीत हप्त्याला जातो, या महिन्याचा हप्ता परत थकतो, म्हणजे तुम्ही कायम साधारण ६० दिवस मागे. चौकोनात दर महिन्याला तोच आकडा पडतो. वर्षभर प्रामाणिकपणे पैसे भरूनही कागदावर वर्षभर उशीरच दिसतो. आणि एखाद्या महिन्यात अजून एक हप्ता हुकला की ९० दिवस ओलांडून खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज होतं, आणि एकदा एनपीए झालं की आरबीआयच्या नोव्हेंबर २०२१ च्या स्पष्टीकरणाप्रमाणे पूर्ण थकबाकी भरल्याशिवाय ते परत स्टँडर्ड होत नाही, एखाददुसरा हप्ता भरून चालत नाही.

हप्ता ३,९०० म्हणताय, म्हणजे मागचे दोन आणि चालू एक मिळून ११,७००. वर बाउन्सचे आणि दंडाचे चार्जेस असतील. फायनान्स कंपनीकडून स्टेटमेंट मागा आणि चार्जेस वेगळे बघा. एप्रिल २०२४ पासून दंड हा व्याजात मिसळून लावता येत नाही, वेगळा चार्ज म्हणूनच लावावा लागतो आणि त्यावर परत व्याज चढवता येत नाही. जास्त वाटले तर कमी करून मागा, पुष्कळदा करतात. पण या महिन्यात हे शून्यावर आणा. भिशी लागणार असेल तर उचला, दिवाळीचा बोनस ठेवला असेल तर मोडा, याच्यासाठी मोडलेला पैसा वाया जात नाही.

मग हप्त्याची तारीख बघा. तुमचा पगार ७ ला होतो आणि हप्ता ५ ला कापला जातो असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतंय. सातपूर-अंबडच्या कितीतरी लोकांचं सिबिल निव्वळ या दोन दिवसांनी खराब झालंय, पैसा आहे, नियत आहे, पण तारीख चुकीची. फायनान्स कंपनीला लेखी अर्ज करून तारीख १० करून मागा, नाही दिली तर एका हप्त्याएवढी रक्कम त्या खात्यात कायम पडू द्या आणि त्या खात्याचं यूपीआय बंद ठेवा. घरखर्चाचं खातं वेगळं.

दुसरं, चारही ब्युरोंचे, म्हणजे कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांचे रिपोर्ट काढा. सिबिल हा एकच नाही, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क पण आहेत, आणि प्रत्येकाने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा आरबीआयचा नियम आहे. त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच काढा. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही, ही भीती मनातून काढा, स्कोअरला लागतं ते बँकेत अर्ज केल्यावर बँक बघते ते. रिपोर्टमध्ये नाव, पॅन, जन्मतारीख, पत्ते आधी तपासा, मग एकेक खातं. राइट ऑफ झालेलं पर्सनल लोन एआरसीकडे विकलं गेलं की कधीकधी ते दोनदा दिसतं, जुन्या बँकेच्या नावाने पण थकीत आणि एआरसीच्या नावाने पण थकीत. विकल्यानंतर जुन्या बँकेकडे बाकी शून्य दिसायला हवी. तसं नसेल तर तक्रार टाका. ३० दिवसांत निकाल लावायचा असतो, त्याच्या पुढे गेलं तर दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. नुसतं फोनवर बोलू नका, तक्रारीचा नंबर जपून ठेवा, दाद मिळाली नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं आणि त्याला फी नाही.

तिसरं, अ‍ॅपचे ४,८००. रक्कम लहान आहे म्हणून लोक सोडून देतात, पण रिपोर्टमध्ये ते एक पूर्ण खातं आहे, थकीत म्हणजे थकीतच. इथे सेटलमेंट अजिबात करू नका, पूर्ण भरा आणि क्लोज्ड करून घ्या. फक्त पैसे कुठे भरताय ते बघा. अ‍ॅपचं नाव एक असतं आणि खरं कर्ज देणारी एनबीएफसी (बँक नसलेली फायनान्स कंपनी) दुसरीच असते, रिपोर्टमध्ये एनबीएफसीचं नाव दिसेल. तिच्या वेबसाइटवरून तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल घेऊन कर्ज खातं क्रमांकासह बाकी रक्कम मागवा, आणि पैसे कंपनीच्याच खात्यात टाका. फोनवरच्या माणसाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या क्यूआर कोडवर काहीही टाकू नका.

आता एआरसीचा विषय, तो जरा सावकाश सांगते कारण इथे परिस्थितीवर फार अवलंबून आहे. तुमच्या लिहिण्याप्रमाणे रिपोर्टमध्ये बाकी ३,५०,००० दिसतेय, त्यात मुद्दल साधारण २,१०,००० आणि राहिलेलं व्याज-दंड. ऑफर १,२०,००० ची. लोक सांगतात सेटलमेंट करूच नका, सिबिल कायमचं जातं. मला हे पटत नाही. ज्याच्याकडे पूर्ण रक्कम आहे त्याने सेटलमेंट करू नये हे खरं, पण ३८,००० पगारात घर चालवून तुम्ही महिन्याला फार तर ८,००० बाजूला काढणार, ३,५०,००० जमायला तुम्हाला साडेतीन-चार वर्षं लागतील आणि तोवर ते खातं थकीतच दिसत राहील. राइट ऑफ आणि वर साडेतीन लाख थकीत, यापेक्षा राइट ऑफनंतर सेटल्ड आणि थकीत शून्य हे बँकेच्या डोळ्याला कितीतरी बरं. शिवाय पुढची स्वच्छ वर्षं त्या दिवसापासून मोजली जातात, म्हणून तो दिवस लवकर यायला हवा.

मी तुमच्या जागी असते तर आधी मुद्दल पूर्ण भरतो, व्याज-दंड सोडा, आणि खातं क्लोज्ड म्हणून कळवा असा लेखी प्रस्ताव दिला असता, झेपतील अशा हप्त्यांत. काही ठिकाणी मान्य होतं, काही ठिकाणी व्याज सोडलं म्हणून ते सेटल्डच कळवतात, म्हणून पैसे भरण्याआधी रिपोर्टमध्ये काय लिहिलं जाणार हे पत्रात हवं. ते क्लोज्ड द्यायला तयार नसतील तर मग जास्तीचे ९०,००० कशाला भरायचे, १,२०,००० ची घासाघीस करून अजून खाली आणा आणि सेटल करा. पण मुद्दल भरण्यासाठी सावकाराकडून किंवा दुसऱ्या अ‍ॅपवरून उचलायचा विचार असेल तर तो मात्र करू नका. तेवढे पैसे आज नाहीत तर सहा महिने थांबा, बाइक नीट चालू ठेवा, ही ऑफर गेली तरी पुढे बहुतेक वेळा परत येते.

पत्रात काय बघायचं ते नीट लक्षात घ्या. कंपनीचं लेटरहेड, तुमचं नाव, जुन्या बँकेचा कर्ज खातं क्रमांक (इथे लोक फसतात, पत्रात फक्त एआरसीचा अंतर्गत नंबर असतो आणि नंतर जुनी बँक म्हणते हे आमचं खातं नाही), भरायची रक्कम आकड्यात आणि अक्षरात, शेवटची तारीख, हा व्यवहार पूर्ण आणि अंतिम आहे हे वाक्य, पैसे कुठल्या खात्यात भरायचे ते, आणि चारही ब्युरोंना किती दिवसांत कळवणार ते. कर्ज त्यांच्याकडे आल्याचं पत्रही मागा. हप्त्यांत सेटलमेंट असेल तर एक हप्ता चुकल्यावर काय होणार हे वाचा, बहुतेक पत्रांत लिहिलेलं असतं की तडजोड रद्द आणि भरलेले पैसे व्याजात जमा. पैसे भरल्यावर नो ड्यूज सर्टिफिकेट घेतल्याशिवाय थांबायचं नाही. जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान १५ दिवसांतून एकदा ब्युरोंना डेटा पाठवावा लागतो, त्यामुळे महिना-दीड महिन्यात बदल दिसायला हवा, नाही दिसला तर सर्टिफिकेट जोडून तक्रार.

राष्ट्रीय लोक अदालतीची नोटीस आली तर घाबरू नका, सीबीएस बसस्टँडजवळच्या जिल्हा कोर्टात बँकांच्या तडजोडी तिथे होतात आणि बोलणी बऱ्यापैकी माणुसकीने होतात. पण कमी रक्कम भरली तर तिथलीही नोंद सेटल्ड अशीच जाते, एवढं माहीत असू द्या.

आणि वसुलीवाल्यांनी ओझरला तुमच्या वडिलांना रात्री नऊला फोन केला हे वाचून वाईट वाटलं. हे नियमात बसत नाही. वसुलीचे फोन सकाळी ८ ते संध्याकाळी ७ मध्येच करायचे, घरच्यांना, मित्रांना त्रास द्यायचा नाही, आरबीआयने २०२२ मध्ये परत स्पष्ट सांगितलंय. फोनची तारीख, वेळ, नंबर लिहून कंपनीला ईमेल करा. कर्ज थकलं म्हणजे माणसाने इज्जत गहाण टाकली असं होत नाही, तुमच्या वडिलांना पण हे समजावून सांगा.

सेटल झालेल्या कार्डाला आत्ता हात लावू नका. सोडलेले ६५,००० भरून ते क्लोज्ड करून घेता येतं, बँका बहुतेक वेळा तयार असतात, पण आज त्या पैशाचं काम एआरसीकडे जास्त आहे. होम लोनच्या वेळी बँकेने हीच एक अडचण काढली तर तेव्हा भरा. सात वर्षांनी सगळं आपोआप पुसलं जातं असं कुणी सांगेल, त्याच्यावर विसंबू नका. सात वर्षं ही ब्युरोने माहिती कमीत कमी किती काळ ठेवायची त्याची मर्यादा आहे, त्यानंतर पुसलीच पाहिजे असं त्यात नाही.

हे सगळं झाल्यावर, आधी नाही, नवीन चांगली नोंद तयार करायला लागा. द्राक्षवाल्यांना सांगायला नको, एप्रिल छाटणीत हातात माल येत नाही, काडी तयार होते, आणि ऑक्टोबरनंतरचा माल त्या काडीवर येतो. तुमचं पुढचं दीड वर्ष हे काडीचं आहे. बँकेत १५,०००-२०,००० ची एफडी करा आणि त्यावर क्रेडिट कार्ड घ्या, एफडी तारण असल्यामुळे खराब सिबिललाही मिळतं. लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आतच वापरा, म्हणजे १५,००० लिमिट असेल तर महिन्याला फार तर चार-साडेचार हजार, किराणा किंवा पेट्रोल, आणि पूर्ण बिल ऑटो पेवर. मिनिमम ड्यू भरून पुढे ढकलायचं नाही. तुमची बाइक आणि हे कार्ड, दोन खाती वेळेवर चालली की पुरे, तिसरं काही काढू नका. फोन, मिक्सर ईएमआयवर घेऊन सिबिल वाढतं म्हणणारे दुकानदार भेटतील, त्यांना नमस्कार.

एक खास आपल्याकडची गोष्ट. बऱ्याच लोकांचं म्हणणं असतं, मी पतसंस्थेचं कर्ज दहा वर्षं वेळेवर फेडलंय, माझं सिबिल कसं खराब? पतसंस्था सहकार खात्याखाली येतात, आणि बहुतेक पतसंस्था ब्युरोला माहिती पाठवत नाहीत. म्हणजे तिथली शिस्त तुमच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही. भिशीचंही तसंच. अर्बन को-ऑप बँकेचं वेगळं, त्यांची नोंद जाते. पतसंस्था वाईट असं मी म्हणत नाहीये, पण नवीन नोंद तयार करण्यासाठी तिथलं कर्ज घेऊ नका. हां, होम लोनच्या वेळी त्यांचं वेळेवर फेडल्याचं पत्र फाइलला जोडा, मॅनेजर वाचतो.

तर क्रम असा झाला: बाइक शून्यावर आणि तारीख दुरुस्त, मग चार रिपोर्ट आणि तक्रारी, मग अ‍ॅप, मग एआरसी, मग एफडीवरचं कार्ड, आणि या पूर्ण काळात कुठेही कर्जाचा अर्ज नाही. "फक्त एलिजिबिलिटी चेक करतो" म्हणून चार एजंटना पॅन देणं हाही अर्जच ठरू शकतो.

स्कोअर कधी ७५० होईल हे मी सांगणार नाही, कारण ते कुणालाच सांगता येत नाही. जे स्वतः पाहिलंय ते सांगते, थकीत रकमा शून्य झाल्या आणि त्यावर साधारण दोन वर्षं सलग स्वच्छ चौकोन पडले की बँक दारात उभं करते, जरी कुठेतरी सेटल्ड शब्द असला तरी. एआरसीशी तडजोड केलीत तर एक लक्षात ठेवा, बँकेशी किंवा एनबीएफसीशी तडजोड झालेल्या कर्जदाराला नवीन कर्ज देण्याआधी किमान १२ महिने थांबायचं असं आरबीआयच्या जून २०२३ च्या चौकटीत आहे, आणि बँका स्वतःच्या धोरणात त्याहून जास्त ठेवू शकतात, तुम्हीही निदान तेवढं धरून चाला. त्यामुळे पाथर्डी फाट्यावर आज टोकन देऊ नका. बिल्डरचा माणूस लोन आमच्याकडून होतं म्हणेल, सँक्शन लेटर हातात आल्याशिवाय पैसे अडकवायचे नाहीत.

त्याऐवजी स्वतःचा हिस्सा जमवा. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते, आणि तुमच्यासारख्या इतिहासाला ७५-८० टक्क्यांवरच थांबेल असं धरून चाला, वर स्टॅम्प ड्यूटी आणि रजिस्ट्रेशन वेगळं. ज्याने २५ टक्के स्वतःचे आणलेत त्याच्याकडे बँक वेगळ्या नजरेने बघते. पहिलं कर्ज हाउसिंग फायनान्स कंपनीकडून थोड्या जास्त व्याजाने मिळालं तरी चालेल, फ्लोटिंग रेट असेल तर नंतर बँकेत ट्रान्सफर करताना प्रीपेमेंटचा दंड लागत नाही.

वहिनींच्या नावावर कर्ज घ्यावं का, हेही विचारलंत. त्यांचे ट्यूशनचे पैसे रोख न ठेवता खात्यात जमा करायला लागा, रिटर्न भरा, दोन वर्षांची रिटर्न असली की सहअर्जदार म्हणून त्यांचं उत्पन्न धरलं जातं. पण आत्ताची थकबाकी फेडायला त्यांच्या नावावर कर्ज काढू नका, घरात एक रिपोर्ट स्वच्छ आहे तो स्वच्छच राहू द्या. आणि मेहुण्याच्या गाडीला जामीन राहायचं म्हणताय, ते या दोन वर्षांत स्पष्ट नाही म्हणा, जामीनदाराच्या रिपोर्टमध्ये पण ते कर्ज दिसतं आणि त्याने हप्ता चुकवला की तुमच्या चौकोनात आकडा पडतो. नात्यात वाईट वाटेल, पण त्याला रिपोर्ट दाखवून सांगा.

या आठवड्यात बाइकचं स्टेटमेंट आणि एआरसीकडून पत्राचा मसुदा ईमेलवर मागवा. मसुदा आला की नाव आणि नंबर झाकून इथे टाका, पैसे भरण्याआधी, मी वाचून कुठली ओळ बदलून घ्यायची ते सांगते.